पदाच्या डोक्यावरची ओळ

जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक उघडले की पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ दिसते. राग, ताल, आणि मग ‘चाल’ असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. हे शब्द कधी ब्रज बोलीतले असतात, कधी उर्दू, कधी गुजराती, तर कधी चक्क कानडी. वाचणारा बहुधा ती ओळ ओलांडून थेट पदाकडे जातो. मला मात्र आपल्या रंगभूमीचा खरा प्रवास त्या ओळीतच वाचायला मिळतो, आणि त्या प्रवासात म्हैसूर हे गाव पुन्हा पुन्हा लागते.

लोकांच्या ओठांवर आधीच असलेली गाणी गोळा करायची, त्यांच्याभोवती कथा गुंफायची आणि नाटक उभे करायचे, या प्रकाराला आज जगभर ‘ज्यूकबॉक्स म्युझिकल’ म्हणतात. मुंबईच्या इराणी हॉटेलांत नाणे टाकले की हवे ते गाणे वाजवणारी जी पेटी असे, तिच्यावरून हे नाव पडले. 1999 साली लंडनमध्ये आलेले ‘मामा मिया’ हे त्याचे गाजलेले उदाहरण; ‘अ‍ॅबा’ या स्वीडिश गायकवृंदाची गाणी त्यात जशीच्या तशी घेतली होती. पण ओळखीच्या सुरावर नाटक चालवण्याची युक्ती याहून फार जुनी आहे. जॉन गे याने 1728 साली लंडनमध्ये ‘द बेगर्स ऑपेरा’ आणला तेव्हा त्यातली बहुतेक पदे लोकांत रुळलेल्या चालींवर नवे शब्द बसवून केलेली होती. चाल जुनी, शब्द नवे. मराठी संगीत नाटकाचे सख्खे नाते आहे ते या दुसऱ्या प्रकाराशी.

आपल्याकडे गात्या नाटकाची ही वाट कानडी मुलखातून आली. 1842 च्या सुमारास कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाला. तो पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना तसेच काही मराठीत करायला सांगितले आणि 1843 साली ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. त्यात पदे सूत्रधार म्हणे, पात्रे त्याबरहुकूम हावभाव करत. पात्राने स्वतःच्या तोंडाने गावे, ही गोष्ट अण्णासाहेब किर्लोस्करांनी रूढ केली. किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातले. घरात मराठी आणि अंगणात कानडी असा तो मुलूख. पुण्यात पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’ पाहून त्यांच्या मनाने घेतले की असे सबंध गाते नाटक मराठीत का होऊ नये. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. पदे दोनशेच्या आसपास. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओवी हा कीर्तनातला ऐवज त्यात होता, लावणीचा ठसका होता आणि लहानपणापासून कानात बसलेल्या कानडी गाण्यांच्या चालीही होत्या.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे. कानडी चाल मराठी शब्दांना इतकी सहज का मानवते? कानडी शब्द बहुतेक स्वरान्त असतात. मराठी बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो, पण गाताना तो पुन्हा पुरा उच्चारतो. त्यामुळे ज्या जागी कानडी गायक स्वर लांबवतो, त्या जागी मराठी गायकालाही स्वर मिळतो. किर्लोस्करांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. ज्याच्या जिभेवर दोन्ही भाषा आहेत त्याला चालीचे माप आपोआप कळते.

आता म्हैसूरकडे वळू. किर्लोस्करांचा जन्म 1843 चा, आणि म्हैसूर दरबारचे कवी बसवप्पा शास्त्री यांचाही 1843 चाच. किर्लोस्कर पुण्यात शाकुंतल मराठीत गात होते, त्याच सुमारास बसवप्पा शास्त्री म्हैसुरात ते कानडीत उतरवत होते. या अनुवादाने त्यांना ‘अभिनव कालिदास’ ही पदवी मिळवून दिली. म्हैसूर संस्थानाचे ‘कायौ श्री गौरी’ हे राज्यगीतही त्यांचेच. 1881 साली इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार पुन्हा राजघराण्याकडे सोपवला आणि दहाव्या चामराजेंद्र वडियारांच्या हाती सत्ता आली. त्यांना नाटकाचा शौक होता. त्यांच्या आश्रयाने राजवाड्याची स्वतःची नाटक मंडळी निघाली. बसवप्पा शास्त्रींनी शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ ‘शूरसेन चरित्रे’ या नावाने कानडीत आणला. आमच्या देवलांनी तोच ‘झुंजारराव’ म्हणून 1890 मध्ये मराठीत आणला. दोन मुलूख, दोन भाषा, पण निवड एकच. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे मला वाटत नाही. दोघांच्याही पुढे तीच पारशी रंगभूमी, तेच संस्कृत आणि इंग्रजी वाङ्मय आणि तीच कीर्तनाची परंपरा होती.

कीर्तनाचा धागा तर थेट मराठीच. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात मराठी कीर्तन रुजले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांकडून ते तंजावर कृष्ण भागवतर यांनी उचलले आणि त्यातून दक्षिणेतील हरिकथा नव्या रूपात घडली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते अशी तमिळ, तेलुगू, कानडी कथेकऱ्यांच्या तोंडी गेली. म्हैसूरच्या श्रोत्याला साकी ऐकून परके वाटण्याचे कारणच उरले नाही.

देवाणघेवाण सगळीच गोडीगुलाबीने झाली असे मात्र नाही. धारवाड-गदग भागात सांगलीकर आणि इतर मराठी मंडळ्यांचे खेळ इतके चालत की कानडी प्रेक्षकाला स्वतःच्या भाषेत नाटकच उरले नव्हते. त्या सलातून गदगच्या शांतकवींनी, म्हणजे सक्करी बाळाचार्यांनी, 1870 च्या दशकात कानडी मंडळी काढली आणि पदरमोड करून चालवली. मराठी माणसाने हे लक्षात ठेवले पाहिजे. आपण ज्यांच्याकडून खेळ शिकलो, त्यांच्याच दारात जाऊन आपण त्यांची जागा व्यापली होती. तरीही पुढच्या कानडी कंपनी नाटकांनी मराठी नाट्यपदांच्या चाली नाकारल्या नाहीत. त्यांच्याकडे चालीला ‘मट्टु’ म्हणतात, आणि कित्येक रंगगीतांचा मट्टु मराठी पदाचा आहे.

चाली उसन्या का घ्यायच्या, याचे उत्तर धंद्यात आहे. कंपनी गावोगाव फिरणार, नटाला चार दिवसांत पद बसवायचे, स्वरलेखन कुणी वाचत नसे. ‘अमक्या गाण्यासारखे म्हण’ असे सांगितले की निम्मे काम होई. प्रेक्षकही पहिल्याच ओळीला सुरात सामील होई आणि ‘वन्समोअर’ मिळे. लिहिणाऱ्याची कसोटी मात्र कठीण असे. मूळ गाण्यात सम ज्या अक्षरावर येते तिथे मराठीतला वजनदार शब्द यायला हवा, मूळ गायिका जिथे ‘आ’कारावर रेंगाळते तिथे मराठीतही दीर्घ अक्षर हवे, आणि हे सगळे साधून शकुंतलेने शकुंतलेसारखेच बोलायला हवे. परदेशी ज्यूकबॉक्स नाटकात शब्द हलत नाहीत, म्हणून कथेला वाकावे लागते. आपल्याकडे शब्द वाकत, कथा ताठ राहत असे. नाटक म्हणून मला आपलीच रीत श्रेष्ठ वाटते.

उगम मात्र बदलत गेले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 1896 च्या ‘वीरतनय’पासून पारशी रंगभूमीच्या उर्दू-गुजराती वळणाच्या चाली आणल्या. 1911 साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरब ढंगाच्या ठुमऱ्या-दादऱ्यांचा रंग भरला. 1916 मध्ये ‘स्वयंवरा’साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातल्या बंदिशींचे दार उघडले. अस्ताई-अंतऱ्याचा साचा पदाला मिळाला आणि तिकीट काढून नाटकाला आलेल्या माणसाला यमन-बिहाग अंगवळणी पडले.

इथे पुन्हा म्हैसूर येते. भास्करबुवांच्या गुरूंपैकी एक आग्रा घराण्याचे नत्थन खाँ. ते म्हैसूर दरबारचे गवई होते. 1901 साली त्यांचे निधन झाले तेही म्हैसुरातच. त्या दरबारी गायकाने शिष्याला दिलेल्या विद्येचा अंश पंधरा वर्षांनी ‘स्वयंवरा’त बालगंधर्वांच्या गळ्यातून महाराष्ट्राच्या पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पोचला.

ठुमरी-दादऱ्याचा हा ऐवज ज्यांच्या गळ्यात होता त्या बाया. कोठ्यावर, मैफिलीत आणि 1902 पासून ग्रामोफोनच्या तबकड्यांवर त्या गात होत्या. त्यांतली सर्वांत मोठी गौहरजान. 1902 साली कलकत्त्यात तिचे गाणे तबकडीवर उतरले. गाणे संपताच ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगे. तबकडीमुळे तिची चाल तिच्या गावी न जाताही शिकता येऊ लागली. नाटक मंडळ्यांसाठी ही मोठीच सोय झाली. या गौहरजानला ऑगस्ट 1928 मध्ये कृष्णराज वडियार चौथे यांनी दरबारी गायिका म्हणून म्हैसूरला बोलावून घेतले. पगार महिना 500 रुपये, राहायला दिलकुश कॉटेज. दीड वर्ष पुरते झाले नाही तोच, 17 जानेवारी 1930 रोजी, तिथल्या कृष्णराजेंद्र इस्पितळात ती गेली. म्हैसूरचा इतिहास शोधताना विक्रम संपत यांना तिचे कागद सापडले आणि 2010 मध्ये त्यांनी तिचे चरित्र लिहिले. त्यावरून महेश दत्तानींनी नाटक लिहिले, लिलेट दुबे यांनी ते रंगमंचावर आणले. त्यात गौहरचीच गाणी गाऊन गौहरची कथा सांगितली जाते. खऱ्या अर्थाने ज्यूकबॉक्स नाटक कुणाचे व्हायचे असेल तर ते तिचे व्हावे, हे मला अगदी न्यायाचे वाटते.

या परंपरेला पुढेही वारस मिळाले. गुब्बी वीरण्णांच्या कानडी नाटक कंपनीत पोरवयात दाखल झालेले ब. व. कारंत 1989 मध्ये म्हैसूरच्या ‘रंगायण’ या नाट्यसंस्थेचे पहिले संचालक झाले. कंपनीची रंगगीते त्यांच्या अंगात मुरली होती. आधुनिक नाटकातही त्यांनी संगीत कधी बाजूला ठेवले नाही. आपल्याकडे गणपतीच्या मेळ्यांनी नाट्यपदांच्या आणि पुढे सिनेमाच्या चाली उचलल्या. आणि ‘बेगर्स ऑपेरा’चे बीज ब्रेख्तच्या 1928 च्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’मार्गे पुलंपर्यंत आले. 1978 मध्ये थिएटर अकादमीने केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त नाट्यपद, लावणी, भजन आणि पाश्चात्त्य पॉप एकाच छताखाली नांदले. जॉन गेची युक्ती अडीचशे वर्षांनी पुण्यात आली, ती आधीपासून इथेच राहणाऱ्या आपल्या बहिणीला भेटली.

माझे म्हणणे एवढेच आहे. 1919 च्या ‘एकच प्याला’ची पदे गुर्जरांनी लिहिली हे आपण सांगतो, बालगंधर्वांनी गायिली हे सांगतो, चाली सुंदराबाई जाधवांनी दिल्या हे सांगायचे मात्र राहून जाते. शाकुंतलाच्या कानडी चाली कुठल्या गावच्या, कुणाच्या, याचा शोध फारसा कुणी घेत नाही. प्रकाशकांनी संगीत नाटकांच्या नव्या आवृत्त्या काढताना पदावरची ‘चाल’ची ओळ जागा वाचवण्यासाठी गाळू नये. नाट्यपदांच्या मैफिली करणाऱ्यांनी पद गाण्याआधी मूळ चीज दोन ओळी तरी गाऊन दाखवावी. आणि ज्यांना कानडी येते त्या सीमाभागातल्या वाचकांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची जुनी गाणी, ती माणसे आहेत तोवर, ध्वनिमुद्रित करून ठेवावीत.