माळढोक वाचवा, पण पारध्याला जगू द्या!



आमचे वेळापूर सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, नान्नजचे माळढोक अभयारण्य पूर्वेकडे. पण प्रश्न साऱ्या जिल्ह्याचा आहे: निसर्ग वाचवण्याची किंमत कोणी मोजायची?

इतिहास पाहा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पारधी, कैकाडी अशा जमातींना तारेच्या कुंपणात डांबले. त्याच राजवटीत साहेब लोक बंदुकीने माळढोक टिपत होते. त्यांचा तो शौक. फासे लावणारा पारधी मात्र जन्मजात गुन्हेगार! ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली. ते योग्यच. पण ज्याचे पोट शिकारीवर होते, त्याला जमीन किती मिळाली? रोजगार किती?

१९७९ ला अभयारण्य जाहीर झाले ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. गावे, शेते सगळी त्यात. जमीनधारकांचा विरोध वाढला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. म्हणजे आवाज असेल तर नकाशाही बदलतो. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचा आवाज कोण ऐकणार?

माळढोकाचे घर म्हणजे गवताळ माळ. तो नांगरला गेला, उसाखाली गेला. हे पारध्याने केले का?

दादासाहेब गायकवाडांनी १९६४ च्या सत्याग्रहात भूमिहीनांसाठी जमीन मागितली. आज आपली मागणी हीच हवी: माळ राखा, आणि तो राखण्याचे पगारी काम माळ जाणणाऱ्या पारध्याला द्या.

जय भीम! जय संविधान!