चित्राच्या वाटेचा इतिहास

दिवाळी सरली आणि धानाची कापणी सुरू झाली की भंडारा जिल्ह्यातील दिघोरीच्या परिसरात गावोगावी मंडई भरते, लेकी-जावई माघारी येतात, रात्रभर दंडार नाही तर नाटक रंगते. आणि ज्या समाजाला आपली सारी माणसे वर्षातून एकदाच एकत्र दिसतात, त्या समाजात छायाचित्रकारास मान मिळावा हे स्वाभाविकच होय. या व्यवसायाचा इतिहास बहुधा कॅमेऱ्याच्या अनुषंगाने सांगितला जातो. माझ्या मते तो चित्राच्या वाटचालीच्या अनुषंगाने सांगावयास हवा, कारण चित्र टिपणे आणि ते हाती पडणे यांच्या दरम्यानच या धंद्याची खरी हानी होत आली आहे.

1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तिच्या कार्यात सामील झाले, त्या सुमारास प्रचारात येत असलेल्या ओल्या कलोडियनच्या काचेवर ती सुकण्यापूर्वीच सारे संस्कार करावे लागत, म्हणून अंधारखोली कॅमेऱ्याच्या पाठोपाठ हिंडे. कोरड्या काचा व गुंडाळीची फिल्म आली तसे हे बंधन सुटले, आणि वाट मात्र लांबली. रंगीत फिल्मच्या काळात रीळ धुलाईसाठी शहरातील प्रयोगशाळेत धाडावे लागे. त्यास वाटेत उजेड लागला तर अख्खे लग्न वाया जाई, परंतु काळवंडलेली पट्टी समोर धरून दोष दाखविता तरी येई.

1975 साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी घडविलेला पहिला डिजिटल कॅमेरा एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास 23 सेकंद घेई. पुढे तीस वर्षांनी, 2005 च्या जानेवारीत, भारत सरकारने 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांवरील परवान्याची अट उठविली, आणि त्याच वर्षी निकॉनचे कूलपिक्स पी1 व पी2 हे वाय-फाय अंगभूत असलेले कॅमेरे बाजारात आले. चित्राची वाट आता अदृश्य झाली, तसा दोषही अदृश्य झाला; म्हणून चौकशीस क्रम असणे अगत्याचे ठरले.

चित्र संगणकात उतरत नाही म्हणजे लहरीच क्षीण आहेत, असा ग्रह सहज होतो. पुष्कळदा बिघाड रुजवातीत असतो. कॅमेरा व संगणक यांची ओळख प्रथम एकदा पटवून दिली की तिची नोंद उभयतांकडे राहते. संगणक बदलला किंवा त्याची प्रणाली नव्याने बसविली म्हणजे ती नोंद निरर्थक होते, आणि ती दोन्हीकडून पुसून नव्याने जोडणी करावी लागते. राउटरचा परवलीचा शब्द बदलला असेल, तर तोही कॅमेऱ्यास नव्याने सांगावा लागतो. मग पत्ता पाहावा : त्याचा आरंभ 169.254 या आकड्यांनी होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही असे समजावे. पत्ता ठीक असूनही दोघे परस्परांस दिसत नसतील, तर संगणकाची फायरवॉल वाट अडवीत आहे काय, किंवा त्यांपैकी एक उपकरण पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर गेले आहे काय, याचा तपास करावा. अनेक कॅमेऱ्यांस 5 गिगाहर्ट्झचे जाळे दिसतच नाही. आणि वीज वाचविण्यासाठी कॅमेरा मधेच आपोआप बंद होतो, हे कारण तर इतके साधे आहे की ते सर्वांत शेवटी सुचते.

मंडईत मात्र लहरींचाही दोष संभवतो. मनुष्यदेहातील पाणी या लहरी शोषून घेते, पत्र्याचे आडोसे त्यांना परतवितात. म्हणून राउटर गर्दीच्या डोक्यांवर, उंच व मोकळ्या जागी बांधणे हितावह. कच्च्या स्वरूपातील एकेक चित्र वीस-तीस मेगाबाइटांचे असते, तेव्हा अशा वेळी लहान आकाराची जेपेग प्रतच धाडावी.

रिळाच्या काळाशी तुलना करता मला याचे फार समाधान वाटते की येथे जाते ती केवळ प्रत. मूळ चित्र कार्डावरच राहते, आणि दंडार संपल्यावर पहाटे तेच कार्ड वाचकयंत्रात घालून सारी चित्रे निर्धास्तपणे उतरवून घेता येतात.