अण्णांचे मासे आणि काचेचं झाकण

बडोद्याच्या उन्हाळ्याच्या आठवणी इथे निघाल्या, म्हणून आमच्या दांडिया बाजारातल्या घरची एक सांगतो.

घरात मासे पाळण्याचा शौक फार जुना. चीनमध्ये सोनेरी मासे हजारएक वर्षांपासून पाळले जातात. काचेच्या टाकीचं शास्त्र मात्र इंग्लंडमध्ये वाढलं. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने दाखवलं की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ बसला तर पाणी बरेच दिवस चांगलं राहतं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी आलेल्या फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. आपल्याकडे मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 चं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पाहिलं आणि टाकी त्यांच्या मनात बसली.

घरात ती आली 1982 मध्ये, आई गेल्यावर. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी सुमारे 240 लिटर आणि सात सोनेरी मासे. अण्णा सकाळचा चहा त्यांच्यासमोरच घ्यायचे.

पण हे मासे थंड पाण्यातले आणि बडोद्याचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. रोज बादलीभर पाणी उडून जायचं. सत्तरीतले अण्णा ते वाकून भरायचे. मला बघवेना. मी पडलो कॉमर्सचा माणूस, उडणारं पाणी म्हणजे तोटा! मापाची काच कापून आणली आणि टाकीवर घट्ट झाकण बसवलं. अण्णा म्हणाले, “अरे, माठ पाझरतो म्हणून गार राहतो.” मी हसून ऑफिसला गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, हवेचा पंप बंद पडला. संध्याकाळी घरी आलो तर पाच मासे वर तरंगत होते. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. झाकण उचलून त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं, बस.

चूक कुठे झाली ते मी नंतर वाचून समजून घेतलं. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ती सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. बाहेरून उष्णता आली नाही, तर तेवढ्याने 240 लिटर पाणी दोन अंशांहून जास्त उतरतं. उलट दोन किलो बर्फ टाकला तरी जेमतेम एक अंशाचाही फरक पडत नाही. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 ला साडेसात. मी ज्याला खर्च समजलो, ती खरी जमा होती. आणि ती मीच बंद केली.

मग आम्ही झाकणाऐवजी जाळी लावली, कारण मासे उडी मारतात. पाण्यावर तिरका वारा येईल असा टेबलफॅन ठेवला, दुपारी दिवा बंद केला, मागच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. उडालेलं पाणी मी स्वतः भरू लागलो. क्षार मागे राहून साठतात, म्हणून आठवड्याला थोडं जुनं पाणी काढायचो. श्रावणातल्या दमट हवेत पंख्याचा गुण कमी येतो, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं.

उरलेले दोन मासे पुढे सहा वर्षं जगले. अण्णा त्यांच्या आधी गेले.

आता टाकी मुलाच्या फ्लॅटमध्ये आहे. तो म्हणाला, “बाबा, चिलर घेऊ.” म्हटलं, घे बाबा, पण आधी जाळी आणि पंखा लाव. वीज गेली की चिलरही थांबतो, पण उघड्या पाण्याची वाफ थांबत नाही.

तुमच्या घरीही अशी टाकी होती का? उन्हाळ्यात काय करायचात, जरूर लिहा.