हे कुणी केलं?

मार्चचा मध्य, पहाटेचे साडेपाच. तुम्ही भिवंडीजवळ मानकोली नाक्यावर उभे आहात. खाडीकडून येणारा वारा अजून गार आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची गोदामं, नजर पोचेल तिथवर. नाशिकहून आलेला एक ट्रक कडेला लागलाय. ताडपत्रीची कड सुटली आहे, आत पुठ्ठ्याची खोकी दिसतात आणि त्यांवर द्राक्षाच्या घडाचं चित्र. ड्रायव्हर दोरी आवळतो. "वाईन आहे. काच आहे ना, म्हणून हळू आणली घाटातून."

"कुणी केली?" तुम्ही विचारता.

तो खोक्यावरचं कंपनीचं नाव वाचून दाखवतो. ते बरोबरच आहे, पण तुम्हाला ते विचारायचं नव्हतं. वेल कुणी छाटला, रस कधी आंबला हे कुणी ओळखलं, हे तुम्हाला हवं होतं. तुम्ही खाडीच्या दिशेनं चालू लागता. गोदामं विरळ होतात, मग दिसेनाशी होतात. डांबर संपतं. पायाखाली चिखल लागतो.

इसवी सनाचं पहिलं शतक आहे. भिवंडी अजून नाही. समोर उल्हास नदीची खाडी भरतीनं फुगली आहे आणि पलीकडे कल्याणचं बंदर जागं होतंय. एका होडीतून लांबट, दोन कानांचे, तळाशी निमुळते रांजण उतरवले जातायत. दोघं जण एक रांजण कडेवर घेतल्यासारखा धरून आणतात आणि त्याचं टोक वाळूत रोवतात. तो सरळ उभा राहतो. टोक कशासाठी, हे तुम्हाला आपोआप कळतं. जहाजाच्या पोटात एका थराच्या फटींत दुसरा थर बसतो आणि वादळातही माल हलत नाही.

कल्याणचा एक व्यापारी तोंडावरचं बूच तपासतोय. आतून राळेचा लेप आहे, त्याचा उग्र वास बाहेरही येतो. "इटलीची असेल तर भाव चांगला," तो सांगतो. "लाओदिकेयाची त्याखालोखाल. अरबी स्वस्त. उंची मद्य राजासाठी वेगळं येतं." कुण्या ग्रीक खलाशानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवहीत भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी नेमकी अशीच आहे. त्याच वहीत कल्याणबद्दल एक तक्रारही आहे: इथं चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. म्हणून हा व्यापारी अधूनमधून मागे वळून पाहतो. माल पटकन हलवायचा आहे. काही रांजण बैलांवर चढतील आणि नाणेघाटातून जुन्नरकडे निघतील. अशाच रांजणांची खापरं पुढं दोन हजार वर्षांनी घारापुरीला आणि नेवाशाला मातीतून निघणार आहेत.

"हे केलं कुणी?" तुम्ही विचारता.

तो खांदे उडवतो. समुद्रापलीकडच्या कुणीतरी. त्याला भाव माहीत आहे, वजन माहीत आहे, वाट माहीत आहे. कल्याणच्या दात्यांची नावं कान्हेरीच्या लेण्यांत दगडावर कोरलेली आहेत. द्राक्षं तुडवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. तुम्ही रांजणाला कान लावता. आत काही आवाज नाही. आंबणं केव्हाच संपलंय, दूर, दुसऱ्याच कुणाच्या अंगणात.

तुम्ही पाणी मागे टाकून पूर्वेकडे निघता, पडघ्याच्या बाजूला. जमीन चढू लागते, साग आणि ऐन दिसू लागतात. एका पाड्याशी येईपर्यंत अठराशे वर्षं उलटलेली असतात. १८९३ चा चैत्र. मोहाच्या झाडाखालची पानं जाळून जमीन साफ केलेली आहे आणि तीवर पिवळट पांढरी फुलं टपटप पडतायत. मोह रात्री उमलतो आणि उजाडता उजाडता गळतो. ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर गुरं खातात. एक म्हातारी कातकरीण वाकून वेचतेय. तुम्हीही तिच्या बाजूला बसता आणि एक फूल तोंडात टाकता. मधाहून जड गोडी.

"आजी, पुढं काय करता याचं?"

"वाळवायची. काळी मनुकासारखी होतात. पावसात घरात काही नसलं का उकडून खायची." ती थोडं थांबते. तुमच्याकडे नीट पाहते. मग झोपडीच्या मागं घेऊन जाते. पाचोळ्याखाली एक मडकं आहे, वाळली फुलं पाण्यात भिजत घातलेली. "कान लाव, दादा."

तुम्ही कान लावता. आत फसफस चालू आहे, बारीक, सतत, पहिल्या पावसात तापली माती पाणी पिते तशी.

"हे बोलतं तवर हात लावायचा नाय. बोलणं थांबलं का चुलीवर. लवकर काढलं तर गोडच राहतं, उशीर केला तर आंबट होऊन जातं. माझ्या सासूनं शिकवलं."

तिच्याकडे ना घड्याळ आहे ना मोजमाप. साखरेचं मद्य व्हायची क्रिया पुरी झाली की वायू सुटायचा थांबतो, हे तिला कानानं कळतं. फुलांवर आपसूक असलेलं यीस्ट तिच्यासाठी राबतं.

तेवढ्यात दूर कुत्रं भुंकतं आणि ती पाचोळा ओढते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या कारखान्यांकडे नेली. गेल्याच वर्षी, १८९२ साली, आणखी एक कायदा आलाय, खास मोहफुलांसाठी, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांकरता. आता नुसती फुलं बाळगली तरी शिपाई येऊ शकतो. तिकडे उरणच्या भट्ट्यांत मात्र मोहाचीच दारू गळते. त्यासाठी फुलं पंचमहालातून येतात, आणि कर सरकारला जातो.

"झाड आमच्या दारात," आजी म्हणते. "फूल आपल्या पायानं खाली येतं. उचललं तर चोर मी."

तुमच्याकडे उत्तर नाही. तिची टोपली भरायला तुम्ही मदत करता आणि उठता.

थळ घाट चढून वर आलात की हवा कोरडी होते. सह्याद्रीनं पावसाचा मोठा वाटा कोकणाकडेच अडवलेला असतो आणि इथली रात्र गार पडते. १९२५ च्या सुमारास ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड द्राक्षाचा मळा उभा करतात. पाहता पाहता वेल निफाड, पिंपळगाव, दिंडोरीपर्यंत पसरतो. आधी भोकरी, मग थॉमसन सीडलेस. वर्षं खिडकीबाहेरच्या शिवारासारखी सरकतात. १९८० च्या दशकात शामराव चौगुले नारायणगावला फसफसती वाईन करून परदेशी पाठवतात. १९९७ मध्ये राजीव सामंत गंगापूर धरणाजवळ वाईनच्या जातींची लागवड करतात आणि २००० साली त्यांची पहिली बाटली बाजारात येते. २००१ मध्ये राज्य सरकार द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर करतं. विंचूर आणि पलूसला वाईन पार्क होतात.

त्यानंतरच्या एका फेब्रुवारीत, पहाटे तीनला, तुम्ही दिंडोरीजवळच्या बागेत आहात. डोक्याला दिवे बांधून बाया घड तोडतायत. फळ थंड असतानाच आत गेलं पाहिजे, नाहीतर वाटेतच आंबायला लागतं. वाईन करणारी मुलगी याच शेतकऱ्याची आहे. ती एक मणी दाताखाली धरते, गर गिळते आणि बी चावते.

"बी हिरवं असलं की तुरट, कडू लागतं. तपकिरी झालं की कुरकुरतं, बदामासारखं. यंत्र मला ब्रिक्स सांगतं, साखर बावीस आली की तेवीस. बी पिकलंय का, ते जीभच सांगते."

बाजूला तिचे वडील उभे आहेत. "आयुष्यभर मणी मोठा करायला शिकलो," ते म्हणतात. "जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, पाण्यात घड बुडवायचे, मणी फुगवायचा, साल पातळ पाहिजे, बी नको. एक्सपोर्टवाला तेच मागतो. आणि ही म्हणते, अप्पा, मणी बारीक ठेवा, साल जाड पाहिजे, बी पाहिजे."

"रंग आणि चव सालीत असते ना, अप्पा. मणी फुगला की पाणीच वाढतं."

ते मान हलवतात, पण हसत. मग तुम्हाला छाटणी समजावतात. युरोपात बर्फ पडतो, वेल झोपतो, शरदात एकदा पीक येतं. इथला वेल झोपतच नाही. म्हणून वर्षात दोनदा कात्री लावायची: एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून, पाऊस सरता सरता गोडी छाटणी, घड यावा म्हणून. "पावसाळ्यात फळ ठेवलं तर डाऊनीचा रोग सगळं खाऊन टाकतो. आपण वेलाला हिवाळ्यात पिकायला लावलं."

वायनरीत पोलादी टाक्यांची रांग. पांढरी वाईन पंधरा अंशांच्या आसपास सावकाश आंबवतात, म्हणजे सुवास उडून जात नाही. तांबडी सालीसकट, थोडी उबदार. साली वर तरंगून घट्ट थर धरतात, तो रोज खाली दाबायचा. "टाकीत डोकं घालू नका," ती एकदम कडक आवाजात म्हणते. "कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. क्षणात माणूस पडतो. बाहेरून ऐका."

तुम्ही गार पोलादाला कान लावता. फसफस. तोच आवाज.

तुम्ही तिला मडक्याची गोष्ट सांगता. ती बराच वेळ गप्प राहते. "मी यीस्ट पाकिटातून घेते," ती शेवटी म्हणते. "तापमान यंत्र सांभाळतं. त्या आजीनं हे सगळं अंदाजानं केलं, आणि लपून केलं. तिला कुणी विचारायला हवं होतं."

तिच्या या वाक्यासाठीच तुम्ही एवढं अंतर चालून आलात. द्राक्षाच्या वाईनला धोरण मिळालं, कर्ज मिळालं, पार्क मिळाले. ते योग्यच झालं, त्यामागे या बापलेकीसारख्यांचे कष्ट आहेत. पण त्याच घाटाच्या पायथ्याशी तेच ज्ञान असलेल्या बाईला सरकारनं विचारलं नाही, पकडलं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफूल नियंत्रणाखालीच राहिलं. कोणता आवाज उद्योगाचा मानायचा आणि कोणता गुन्ह्याचा, हे मडक्यातल्या फसफशीनं ठरवलेलं नाही.

घाट उतरून तुम्ही पुन्हा मानकोलीला येता. उजाडलंय. ट्रक अजून तिथंच आहे. टपरीवर गोदामातला एक हमाल पोरगा चहा पितोय, शहापूरकडच्या पाड्यावरचा. ट्रकच्या खोक्यांवरचा घड पाहून तो सहज म्हणतो, "आमच्याकडं आता मोह गळायला लागला." खिशातून कागदाची पुडी काढतो. चार-पाच फुलं, रात्रीचीच, अजून ओलसर.

तुम्ही एक तोंडात टाकता. तीच गोडी.

"कुणी वेचली?"

"आजीनं," तो म्हणतो, आणि तिचं नाव सांगतो.