वही उघडी, घराचे दार कोणासाठी?

जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील ढाबे, ठेले आणि फळवाल्यांना मालकाचे नाव ठळकपणे लावण्याचा आदेश निघाला. मुजफ्फरनगरच्या पोलिसांपासून सुरुवात झाली आणि मग तो राज्यभर लागू झाला. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणते आहे हे लिहा, मालकाचे नाव लिहायची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. आमच्या शिक्षक-खोलीत त्या दिवशी चहा जरा जास्त झाला.

पण त्याच वर्षी मार्च महिन्यात आम्ही हेच लोक नावे उघड झाली म्हणून खूश होतो. १५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांची योजना रद्द केली, महिन्याभरात रोखे घेणाऱ्यांची यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आली, आणि पत्रकारांनी ती यादी कंपन्यांच्या सरकारदरबारी दाखल असलेल्या ताळेबंदांशी ताडून पाहिली. तोट्यात असलेल्या कंपन्यांनी कोट्यवधींचे रोखे घेतल्याचे त्यातून दिसले. ताळेबंद लोकांसाठी खुले नसते तर ती यादी म्हणजे नुसती नावांची रांग राहिली असती.

मार्चमध्ये ‘नाव सांगा’ आणि जुलैमध्ये ‘नाव विचारू नका’! नववीच्या एका मुलाने मला हेच विचारले: सर, दोन्ही कसे बरोबर? प्रश्न चोख होता. उत्तरासाठी मला इतिहासात बरेच मागे जावे लागले.

धंद्याची वही लोकांना दाखवण्याचा कायदा आला तो फसवणुकीतून. इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकात विमा आणि वार्षिकीच्या नावाने कंपन्या निघत. भपकेदार कचेरी, मोठमोठी नावे, आणि तिजोरीत काही नाही. ‘वेस्ट मिडलसेक्स’ नावाच्या अशाच एका विमा कंपनीने हजारो लोकांचे पैसे बुडवले. म्हाताऱ्या नोकरांनी, विधवांनी ठेवलेले पैसे. संसदेची समिती बसली, ग्लॅडस्टन तिचे अध्यक्ष होते, आणि १८४४ मध्ये कायदा झाला. कंपनी काढायची तर निबंधकाकडे नोंदणी करा, कोण काढतो आहे ते सांगा, आणि ही नोंद कोणालाही पाहू द्या. मर्यादित जबाबदारी नंतर, १८५५ मध्ये आली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी उजेड, मग सवलत.

सवलत कोणती, ते व्यापारी घरातल्या माणसाला लगेच कळेल. तुमचे-माझे दुकान बुडाले तर सावकार घरातली भांडीही मागू शकतो. मर्यादित कंपनी बुडाली तर भागधारकाचे गेले तेवढेच, त्याच्या घराला कोणी हात लावत नाही. घर वाचवण्याची ही हमी कायद्याने दिली आणि बदल्यात हिशेब उघडा मागितला. कंपनीशी व्यवहार करणाऱ्याला निदान हे कळावे की समोर कोण आहे आणि त्याच्या पेटीत किती आहे.

हिंदुस्थानात पहिला कायदा १८५० चा. मर्यादित जबाबदारी १८५७ मध्ये आली, आणि मुंबईला तिची चव लवकरच कळली. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस बंद झाला, लिव्हरपूलला आपल्याकडचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत पैसा मावेना. बँका, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या, नुसत्या कागदावरच्या कंपन्या. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर शेअरचे भाव चढत. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, १ जुलैला वायद्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस आला, आणि शहर बसले. बँक ऑफ बॉम्बेही त्यात गेली. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, कंपन्यांचा नवा कायदा झाला. नोंदवही असूनही लोक बुडाले हे खरे, कारण वही वाचायला फुरसत कोणाला होती? पण वहीच नसती तर नंतरच्या चौकश्या कशाच्या आधारावर झाल्या असत्या, हेही विचारले पाहिजे.

१९१३ च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. निबंधकाकडील कागद कोणालाही पाहता येतील, त्यासाठीची फी एका रुपयापेक्षा जास्त नसेल, असे ठरवले. आणि ‘खासगी कंपनी’ नावाचा वेगळा प्रकार आणला: पन्नासपर्यंत सभासद, लोकांकडून भांडवल मागायचे नाही, आणि म्हणून ताळेबंद दाखल करण्यातून सूट. माझ्या वाचनात खासगीपणाचा विचार इथे पहिल्यांदा दिसतो. लोकांचा पैसा जितका घ्याल तितकी वही उघडी.

आपल्या खानदेशातलेच उदाहरण घ्या. डिसेंबर १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तिचीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या सामान्य कुटुंबांनी तिचे शेअर घेतले आणि काहींनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले. शेतकरी, शिक्षक, दुकानदार एका कच्छी मुस्लिम व्यापाऱ्याच्या कारखान्यात पैसे घालतात, ते केवळ विश्वासावर नाही. माहितीपत्रक, संचालकांची नावे, वर्षाचा ताळेबंद, हे सगळे मागता येते म्हणूनही. परक्या माणसावर विश्वास ठेवण्याची सोय वहीने केली. म्हणून ‘सगळ्या नोंदी बंद करा’ म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

इथे थोडे आपल्या घरात डोकावतो. कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजाबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे, सूरह बकराची २८२ वी. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, कंटाळा करू नका, असा तिचा आशय. त्याच आयतीत दोन गोष्टी आणखी आहेत, ज्या आपण घाईत वाचून पुढे जातो. एक, हातोहात रोखीचा सौदा असेल तर लिहिले नाही तरी हरकत नाही. दुसरी, लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला इजा पोचता कामा नये.

नववीच्या त्या मुलाचे अर्धे उत्तर इथेच मिळाले. ढाब्यावर रोटी खाऊन पैसे दिले की व्यवहार संपला. मालकाने कोणाचे भांडवल घेतलेले नाही, कायद्याने त्याला कोणती ढाल दिलेली नाही. अन्नाचा परवाना त्याला दुकानात लावावाच लागतो, आणि तक्रार असलेल्या गिऱ्हाइकाला तो पुरतो. रस्त्यावरून दिसेल अशी नावाची पाटी तक्रारदारासाठी नसते. ती कोणासाठी असते हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट मोहतसिबची. बाजारातली वजने-मापे, भेसळ, खोटा माल तपासणारा हा अधिकारी. अकराव्या शतकातले बगदादचे मावर्दी लिहितात की त्याचा अधिकार उघड दिसणाऱ्या गोष्टींवर. लपलेले शोधण्यासाठी त्याने तजस्सुस, म्हणजे हेरगिरी, करू नये. अपवाद आहे तो जीव जाण्यासारख्या, नंतर भरून न येणाऱ्या गुन्ह्याचा, आणि तोही खात्रीची खबर असेल तर. इमाम गझालींनी याच संदर्भात हजरत उमर (रजि.) यांची रिवायत दिली आहे. रात्री गस्त घालताना ते भिंत चढून एका घरात उतरले आणि माणसाला मद्यासह पकडले. तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, माझा गुन्हा एक, तुमचे तीन: हेरगिरी केलीत, दारातून आला नाहीत, परवानगी-सलाम केला नाहीत. हजरत उमर यांनी ते मान्य केले. रिवायतीच्या सनदीची चर्चा मी उलेमांवर सोडतो. शतकानुशतके ती सांगितली गेली, माझ्यासाठी तेवढे पुरे. ज्यांच्या बाजारात वजने तपासली जात त्यांनीच भिंत चढणे चुकीचे मानले.

मग बिघडले कुठे? २००६ मध्ये. केंद्र सरकारने ‘एमसीए २१’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि कंपन्यांच्या नोंदी कागदावरून पडद्यावर आल्या. भागधारक, बँक, पत्रकार, सगळ्यांची सोय झाली. मुंबईला जाऊन फाइल काढायला लावणे आणि हाताने नक्कल करणे संपले. आज १०० रुपये भरून कोणीही एका कंपनीचे कागद पाहू शकतो. पण कागदाच्या जमान्यात एक कुंपण होते, ते कायद्याने घातलेले नव्हते. प्रवास, रांग, कारकुनाचा कंटाळा. ज्याला खरे काम असे तोच एवढे करी. संगणकाने ते काढले आणि त्याच्या जागी काय ठेवायचे याचा विचार कोणी केला नाही. कंपनी स्थापताना संचालकाचा राहता पत्ता, जन्मतारीख, पॅन, ओळखीचे पुरावे द्यावे लागतात. एक रुपयाच्या फीच्या काळात पत्ता उघडा ठेवणे आणि आज ठेवणे, कायद्याच्या भाषेत एकच. प्रत्यक्षात नाही.

माझी एक माजी विद्यार्थिनी घरून बुरखे आणि लहान मुलांचे कपडे शिवून घेते, आठ बायकांना काम देते. तिने भावासोबत खासगी कंपनी नोंदवली. नोंदणीकृत कार्यालय म्हणजे घराची पुढची खोली. नोंदणी झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कर्ज देणारे, जीएसटी भरून देणारे, वेबसाइट बनवणारे यांचे फोन सुरू झाले. नंबर कुठून मिळाला हे कोणी सांगेना. ते तिने सोसले. मग शहरात एका सणाला तणाव झाला आणि व्हॉट्सअॅपवर ‘यांच्याकडून घेऊ नका’ अशी एक यादी फिरली. तिच्या धंद्याच्या नावापुढे तिच्या घराचा पूर्ण पत्ता होता, मजल्यासकट, नोंदणीच्या अर्जात लिहिला होता तसाच. तिची अम्मी मला म्हणाली, “सर, धंद्याचं नाव लिहा ना, पण घराचा मजला कशाला?” २०१९ मध्ये तर सरकारने कंपन्यांकडून कार्यालयाचा बाहेरून-आतून फोटो मागितला होता, आत एक संचालक दिसेल असा. बोगस कंपन्या शोधायला ते हवे होते, आणि बोगस कंपन्या थोड्याथोडक्या नव्हत्या; २०१७-१८ मध्ये दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदीतून काढली गेली. पण ज्यांचे कार्यालय म्हणजे बैठकीची खोली, त्यांच्यासाठी तो फोटो घराचाच.

इंग्रजांना हा धडा मारहाणीतून मिळाला. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या एका कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला २००१ मध्ये त्याच्या घराबाहेर दांडक्यांनी मारले. संचालकांचे घरचे पत्ते तेव्हा नोंदवहीत उघडे असत. आधी धोक्यातल्यांना गुप्ततेचे आदेश मिळू लागले, आणि ऑक्टोबर २००९ पासून सर्वांसाठीच नियम बदलला: घरचा पत्ता निबंधकाला द्यायचा, लोकांना दिसेल तो पत्रव्यवहाराचा पत्ता. नंतर जन्मतारखेतला दिवसही झाकला, महिना आणि वर्ष ठेवले. आणि गंमत अशी की २०१५ मध्ये त्यांनी सगळ्या नोंदी मोफत केल्या. म्हणजे दार लावले आणि वही जास्त उघडली. दोन्ही एकत्र होऊ शकते, याचा याहून साधा पुरावा मला माहीत नाही.

उलट बाजूची भीतीही खरी आहे. इटलीतल्या एका बांधकाम व्यावसायिकाने म्हटले, माझी जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली ही नोंद पुसा, माझी घरे विकली जात नाहीत. युरोपच्या न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये नकार दिला. फार काळ लोटल्यावर, अपवाद म्हणून, अशा नोंदीवर मर्यादा घालता येईल एवढेच मान्य केले. मला ते पटते. पण त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांच्या खऱ्या मालकांची नोंदवही सर्वांना खुली ठेवणे खासगीपणाविरुद्ध ठरवले, आणि लक्झेंबर्गने आपली वही तत्काळ बंद केली. पाच कंपन्यांच्या आड बसलेल्या धनिकाला ‘खासगीपणा’ मिळाला आणि त्याच्या मागावर असलेले पत्रकार दाराबाहेर राहिले. पुढे त्यांच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. खासगीपणा हा शब्द गरिबाच्या तोंडी असतो तेव्हा त्याचा अर्थ घर असतो; श्रीमंताच्या वकिलाच्या तोंडी तो बहुतेक वेळा तिजोरी असतो.

आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. विद्यार्थिनीच्या कामी येईल म्हणून मी तो वाचला. तिसऱ्याच कलमात लिहिले आहे की कायद्याच्या बंधनामुळे जी माहिती सार्वजनिक केली जाते तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे घराचा मजला उघडा राहिला. त्याच कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलमही बदलले. मोठे सार्वजनिक हित असल्यास ती माहिती देता येईल हे त्या कलमातले वाक्य गेले. दार उघडे ठेवून वही मिटण्याचा प्रकार आहे हा, इंग्लंडच्या बरोबर उलट.

कंपनी कायद्यात झाकण्याची सोय नाही असेही नाही. संचालक मंडळाचे काही ठराव निबंधकाकडे दाखल होतात, पण ते लोकांना पाहता येत नाहीत, असे ११७ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. कर्ज किती घ्यायचे, पैसा कुठे गुंतवायचा, असे ते ठराव असतात. धंद्याच्या गुपितासाठी दोन ओळी लिहायला संसदेला वेळ मिळाला. राहत्या पत्त्यासाठी तशाच दोन ओळी लागतील, आणि अर्जांचे नमुने तर मंत्रालयाच्या नियमांतच ठरतात.