जोखीम नावाचा विषय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी भाची गेल्या वर्षी एम.ए.ला नाही, एम.एस्सी.ला नाही, तर बँकिंग, वित्त आणि जोखीम व्यवस्थापन अशा लांबलचक नावाच्या अभ्यासक्रमाला दाखल झाली. पेढ्यांचा पुडा हातात ठेवून म्हणाली, ‘‘मामू, तुम्ही आर्ट्‌सवाले. मी काय शिकते ते तुम्हाला कसं सांगू?’’ तिचे खरेच होते. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा मी माणूस. बँकेत गेलो तरी फॉर्म दोनदा चुकतो. पण ‘जोखीम’ हा शब्द ऐकला आणि मी थबकलो, कारण हा शब्द आमच्या घरात फार जुना आहे.

माझी आजी एस.टी.ने लग्नाला निघाली की कानाशी लागून सांगायची, ‘‘झोपू नकोस रे, अंगावर जोखीम आहे.’’ जोखीम म्हणजे तिच्या पाटल्या आणि गळ्यातली सर. धोक्यालाही जोखीम म्हणायचे आणि जी वस्तू सांभाळायची तिलाही जोखीमच. आपल्या भाषेत पैशाचे बरेच शब्द पाण्याजवळचे आहेत. बँक बुडते, कर्ज बुडीत निघते, आणि कर्जासाठी जे ठेवायचे ते तारण. घरात आम्ही ‘अमानत’ म्हणतो, मराठीत तोच अरबी शब्द ‘अनामत’ झाला. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू, एवढाच त्याचा अर्थ.

भाचीला मी म्हटले, तुझा विषय मला शिकवू नकोस, तो कुठून आला ते आपण दोघे मिळून शोधू. मग वर्षभर मी वाचनालयात जमेल तेवढे वाचले. त्यातले थोडे आज सांगतो.

सुरुवात मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारातच करू. तिथला राजाबाई टॉवर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. हा मनोरा आणि त्याखालचे ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभे राहिले. देणगी १८६४ची, मनोऱ्याला नाव त्यांच्या आईचे. त्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा नुसता वाहू लागला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरांवर लोक तुटून पडले. याच सुमारास, १८६३मध्ये, बँक ऑफ बॉम्बेचा कायदा सैल करण्यात आला आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची तिला मुभा मिळाली. सरकारचे भांडवल असलेली ही बँक. म्हणजे भरवशाची, असे सगळ्यांना वाटे.

१८६५च्या वसंतात युद्ध संपले. कापूस उतरला. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी मोठमोठे पेढीवाले उघडे पडले. तारण म्हणून घेतलेले शेअर कागदाच्या किमतीचे झाले. बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरलीच नाही. १८६८मध्ये ती गुंडाळावी लागली आणि सरकारने चौकशी आयोग नेमला. प्रेमचंदांची संपत्तीही त्यात गेली, पण मनोरा मात्र पुरा झाला, १८७८मध्ये. तारणाची किंमत आणि कर्ज एकाच वाऱ्याने फुगत असतील तर ते तारण तारत नाही, हा धडा आज माझ्या भाचीच्या पुस्तकात समीकरणांसह आहे. तो या आवाराच्या पायाशीच पडलेला होता.

आता १९१३ सालाकडे या. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. जॉन मेनार्ड केन्स या तरुण इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे हिंदुस्थानच्या चलनावरचे पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. केन्स इंडिया ऑफिसात नोकरीला होते, पण हिंदुस्थानात कधी आले नव्हते. तरी त्यांनी लिहून ठेवले, की इथल्या नव्या छोट्या बँका ठेवीदारांसाठी पुरेशी रोकड हाताशी ठेवत नाहीत आणि पुढचा वाईट काळ आला की त्या धडाधड कोसळतील. ते वर्ष संपायच्या आत तसेच झाले. आधी लाहोरची पीपल्स बँक गेली, मग मुंबईची इंडियन स्पेसी बँक गेली. स्पेसी बँकेचा पैसा चांदीच्या सट्ट्यात अडकला होता. पुढची चार वर्षे डझनावारी बँका बंद पडत राहिल्या. सोराबजी पोचखानावाला यांनी १९११मध्ये काढलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या दारातही गर्दी झाली, पण ती बँक टिकली.

आणि तिसरी गोष्ट, याच १९१३मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. वाणिज्य शिकवणारे आशियातले पहिले महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. पहिल्या तुकडीची मुले वर्गात बसत होती आणि त्याच शहरात ठेवीदार बंद दारांपुढे उभे होते. त्या मुलांना बँकव्यवहार शिकण्यासाठी पुस्तक उघडण्याची गरजच नव्हती, असे मला वाटून गेले.

या कॉलेजात नोव्हेंबर १९१८मध्ये राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया आणि लंडन इथे शिकून आलेले, पगार साडेचारशे रुपये. चरित्रकारांनी नोंदवले आहे, की प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी प्यावे याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. १९२०मध्ये नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ आला. ज्या चलनपद्धतीची केन्स यांनी बाजू घेतली होती, तिच्यावर या ग्रंथात खोडून काढणारी टीका आहे. सरकारच्या मर्जीने रुपया वाढवता येऊ नये, हा त्यांचा मुद्दा. १९२५मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना रुपयाची किंमत घसरली की कोणाचा फायदा आणि कोणाचे नुकसान, हे त्यांनी मांडले. व्यापाऱ्याला नफा होतो तो मजुराच्या खिशातून, असा त्याचा मथितार्थ. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ला रिझर्व्ह बँक सुरू झाली.

मला इथे बाबासाहेबांचे एक वेगळेपण दिसले. जोखीम किती, हे मोजणारे पुष्कळ होते. ती शेवटी कोणाच्या डोक्यावर जाऊन बसते, हे त्यांनी विचारले.

हा प्रश्न माझ्या घरीही एकदा आला होता. २००१ साल. माझ्या धाकट्या बहिणीचे, म्हणजे या भाचीच्या आईचे, लग्न ठरले होते. अम्मीने शिलाईच्या कामातून साठवलेले साठ हजार रुपये गावातल्या एका सहकारी बँकेत ठेवले होते. एके दिवशी बँकेवर निर्बंध आले. एका खात्यातून एक हजार रुपये मिळतील, असा कागद दारावर लागला. अम्मी सकाळी सातपासून रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक निवृत्त पोस्टमन होते, मागे भाजीवाली. कोणी ओरडत नव्हते. अम्मीने हजार रुपये आणले, रुमालात बांधले आणि दुसऱ्या दिवशी आजीच्या पाटल्या सोनाराकडे नेल्या. लग्न वेळेवर झाले.

ठेवींना विमा असतो हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. १९६०मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा हजारो ठेवीदार अडचणीत आले. त्यातून कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२पासून ठेव विमा सुरू झाला, सुरुवातीला दीड हजारांपर्यंत. १९६८च्या दुरुस्तीने तो सहकारी बँकांनाही लागू करण्याची सोय झाली. २००१मध्ये मर्यादा एक लाखाची होती, म्हणजे अम्मीचे साठ हजार पूर्ण सुरक्षित होते. पण विम्याचे पैसे बँक अवसायनात निघाल्यावर मिळत. नुसते निर्बंध असतील तर थांबायचे. आम्ही सहा वर्षे थांबलो. पैसे पूर्ण आले, पण तोवर सोन्याचा भाव दुपटीच्या घरात गेला होता. पाटल्या काही परत आल्या नाहीत.

२०२०मध्ये विम्याची मर्यादा पाच लाख झाली. २०२१च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही, हे आपल्या आईवडिलांना आजच सांगा.

भाचीच्या अभ्यासक्रमात बासेलचे नियम आहेत. तेही १९७४मध्ये जर्मनीतली हर्स्टाट बँक बुडाल्यानंतर स्थापन झालेल्या समितीचे. म्हणजे या विषयाचे प्रत्येक प्रकरण कुठल्या ना कुठल्या बंद दारापुढे सुरू झालेले आहे. त्या दारापुढे कोण उभे होते, हे मात्र पुस्तकात सहसा नसते.

हे सगळे मी भाचीला सांगितले तेव्हा ती गप्प झाली. मग नानीच्या खोलीत जाऊन म्हणाली, ‘‘नानी, तुझं ते जुनं पासबुक मला दे. प्रकल्पासाठी हवंय.’’ अम्मी आता पंच्याहत्तरीची आहे. तिने ट्रंक उघडून पासबुक काढले. कव्हर फाटलेले, शेवटच्या पानावर हजार रुपये काढल्याची नोंद. भाचीच्या हातात देताना म्हणाली, ‘‘काम झालं की परत आण हं. जोखीम आहे ती.’’