चुलीजवळची प्रार्थना

कोराडी म्हटलं की जगदंबेचं देऊळ आठवतं. आज मात्र एका ख्रिस्ती घरातल्या भक्तीची गोष्ट सांगते. तिचा धागा आपल्या नागपूरशीच आहे.

कवी नारायण वामन टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचं काम करत. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या परत आल्या, पण सोवळं सुटलं नाही. एकाच घरात स्वयंपाक वेगळा! नवऱ्यानं जबरदस्ती केली नाही, हे मला मोठं वाटतं. शिवाशीव माणसानं केली, देवानं नाही, हे त्यांचं त्यांनाच पटलं. आधी त्या सगळ्यांच्या हातचं खाऊ-पिऊ लागल्या, बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. म्हणजे त्यांची श्रद्धा देवळातून नव्हे, पाण्याच्या भांड्यातून आली.

त्या काळी चर्चमध्ये इंग्रजी चालीवरची भाषांतरित गाणी असत. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन आणलं. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. बाईला दळता-कांडता गुणगुणता येईल अशी प्रार्थना झाली. रविवारची वाट कशाला बघायची?

लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. घर पाहुण्यांनी आणि सांभाळलेल्या पोरांनी भरलेलं. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. त्यातले पुढचे बरेचसे अध्याय लक्ष्मीबाईंनी ओवीत लिहिले.